कावोरचा हात

बुर्ज हम्मूद, ७ मार्च १९६५

तोरोस,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. पहिलीत मुलाबद्दल अभिनंदन, दुसरीत 'कावोर म्हणून दुसरा कोणीतरी बघ'. अरे, इतक्या वर्षांनी माणूस लिहितो आणि तेही एवढंसं? अलेप्पोत शाई महाग झाली का? आमच्या कारखान्यात बुटाच्या खोक्यावर ह्यापेक्षा जास्त मजकूर असतो.

दुसरा बघ म्हणे! कावोर म्हणजे काय दुकानातला बूट आहे, हा बसत नाही तर दुसरा दाखवा म्हणायला? तुझ्या आजोबांनी माझ्या बापाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं. तुझ्या बापाने मला घेतलं, ते ह्याच गावात, निर्वासितांच्या छावणीत, जेव्हा चर्च म्हणजे पत्र्याची शेड होती आणि कुंड म्हणजे रॉकेलचा धुतलेला डबा. माझी आई सांगायची, बाप्तिस्म्यानंतर आठवडाभर माझ्या अंगाला पवित्र तेलाऐवजी रॉकेलचाच वास येत होता. आणि लग्नात माझ्या न् झाबेलच्या डोक्यावर क्रॉस कोणी धरला? तू. मग माझ्या पोराचा धर्मबाप काय बाजारातून आणू?

तू त्या क्रॉसचं काढणार नाहीस, म्हणून मीच काढतो. हो, आला तो खाली. अर्धी प्रार्थना झाली असेल नसेल, तुझा हात उतरायला लागला आणि क्रॉस झाबेलच्या केसांतल्या फुलांना टेकला. मागे बायकांची कुजबुज मी ऐकली. माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी ऐरणीवरचा हातोडा ऐकून मी सांगायचो, खिळा वाकडा गेला की सरळ. आणि चर्चच्या दारात सासूबाई तुला काय म्हणाल्या तेही ऐकलं: "कावोरचा हात खाली आला. आता माझ्या पोरीची कूस काय भरणार!" मी म्हटलं, म्हातारीचं बोलणं, वाऱ्यावर जाईल. पण पाळणा हलेना, आणि दरवर्षी ते बोलणं गल्लीत एकेक घर पुढे सरकत गेलं. मग एक दिवस तू दुकान आवरून अलेप्पोला निघून गेलास. निरोपाची कॉफीसुद्धा पाजली नाहीस.

आता ऐक. ज्याच्यासाठी तुला बोल लागला तो पाळण्यात पडून घर डोक्यावर घेतोय. डिसेंबरात झाला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला नखशिखान्त मीठ चोळलं. "बिनमिठाचा राहिला तर मोठेपणी बापासारखं बोलेल," म्हणाल्या. मान धरायला लागलाय. माझं बोट पकडतो ते पकडीत धरल्यासारखं. काल माझ्याकडे बघून हसला. झाबेल म्हणते गॅसमुळे. आईला बघून हसला की हसू, बापाला बघून हसला की गॅस!

नाव अजून नाही. नाव कावोरने द्यायचं, ही आपली रीत. तोवर सासूबाई त्याला 'सिंह' म्हणतात, कारखान्यातले कारागीर 'उस्ताद' म्हणतात, शेजारीण 'तो रडका' म्हणते. तू ये न् ह्यातून सोडव.

तुला मुलगी झाल्याचं कारनिगने सांगितलं. त्याची टॅक्सी बैरूत-अलेप्पो करते म्हणून बरं, नाहीतर तू तेही कार्डावर अर्ध्या ओळीत उरकलं असतंस. सातेनिग वहिनींना आमचा दोघांचा नमस्कार सांग. ह्या घरात त्यांनी अजून पाऊल टाकलेलं नाही, ह्याचं वाईट वाटतं.

तुझा,
मिसाक


२ मे १९६५

तोरोस,

वा! चार पानं! माणसाला मुलगी झाली की लेखणी सुटते असं दिसतं. मारो पालथी पडते, मारो स्वतःशी बोलते, मारोने घड्याळाच्या टिकटिकीकडे मान वळवली. सगळं दोनदा वाचलं. आमचा पठ्ठ्या पालथा पडतो पण परत उताणा होता येत नाही, मग लोळलेल्या कासवासारखा ओरडतो. बसवला की तीन श्वास बसतो, मग सावकाश एका बाजूला कलतो, जुन्या दारूड्यासारखा. वजन मात्र विचारू नकोस. मी रोज पायताणाचं चामडं उचलतो, तरी ह्याला घेऊन दोन जिने चढलो की दम लागतो.

मारोचा बाप्तिस्मा ईस्टरनंतर झाला, सातेनिगच्या काकांनी तिला धरलं, मोठा थाट झाला, साखरेचे बदाम वाटले, सगळं लिहिलंस. पण माझ्या प्रश्नावर? चार पानांत एक शब्द नाही! थोरला धाकट्या भावाला टाळतो तसा तू मला टाळतोयस.

फोटोतली मारो बघून झाबेल विरघळली. म्हणाली, "मिसाक, ही माझी सून. ठरलं. पण त्यांना कावोर केलंस तर दोन्ही घरांत सात पिढ्या लग्न होणार नाही. नीट विचार कर. कावोर हवा की व्याही?" मी म्हटलं, "अगं, तो मुलगा अजून स्वतःचा पाय तोंडात घालतोय, तू लग्नपत्रिका कसल्या छापतेस?" पण तुला सांगतो, तिने तो फोटो तिच्या आईपासून लपवून कपाटात ठेवलाय. त्यांना दिसला तर म्हणतील, व्याहीच करा, कावोर नको.

सासूबाईंचं लपवून काय करू? त्यांच्या मनात बेद्रोस सोनार आहे. रोज जेवताना चालू असतं.

"हात बघ त्याचे," म्हणतात, "चर्चचे खांब आहेत खांब. आणि सोन्याचा क्रॉस घालेल पोराच्या गळ्यात."

"सासूबाई, बेद्रोसच्या आजोबांनी माझ्या बापाला नाही धरलं."

"तुझ्या बापाला कोणी धरलं त्याचं पुण्य माझ्या नातवाला काय कामाचं? एकदा हात उतरला तो उतरला. क्रॉस उतरला तर नऊ वर्षं गेली. पोर उतरलं तर?"

"मग देवाने पोर दिलंच कशाला? त्याचा हात उतरला नव्हता?"

"देवाला मध्ये आणू नकोस. मी बेद्रोसबद्दल बोलतेय."

काल पाद्रीबाबा, देर घेवोन, कारखान्यात आले. सोल बदलायला आले असं म्हणाले, पण सोल चांगला होता. कॉफी पिता पिता मुलाकडे बघत म्हणाले, "मिसाक, ह्याला कुंडात घालायचंय की पोहायला शिकवायचंय? आणखी थोडा थांबलास तर तो स्वतःच चालत येऊन विचारेल, बाबा, उशीर का?" हसलो, पण त्यांच्या बोलण्यात टाचणी होती. मग घरी बसून तह झाला. द्राक्षांच्या रविवारी, म्हणजे ऑगस्टात चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देतात त्या दिवशी, बाप्तिस्मा. तोवर तू आलास तर तू. नाही आलास तर बेद्रोस. त्यापलीकडे मला सासूबाईंना रोखता येणार नाही. झाबेलही आता आईच्या बाजूला झुकतेय; बिनबाप्तिस्म्याचं पोर झोपेत दचकलं की तिचा जीव वरखाली होतो.

म्हणून सरळ लिही. राग आहे का? असेल तर शिव्या घाल, मी वाचीन. नसेल तर काय अडलंय?

मिसाक


१३ जून १९६५

तोरोस,

तू पुन्हा उत्तर दिलं नाहीस. म्हणून आता मला जे दिसतंय ते मी लिहितो. चुकत असेन तर पत्र चुलीत टाक.

परवा कारनिग आला. तुझ्याकडे चहा प्यायला होता म्हणे. मी त्याला नवे बूट दिले, बसवलं आणि सहज म्हणून विचारत गेलो. तो बोलघेवडा आहे आणि मला ऐकायला आवडतं, आमचं जमतं. म्हणाला, "तोरोस उस्तादांचा जीव आहे हो पोरीवर. मांडीवर घेतात तर उठत नाहीत. पण उचलून नाही घेत कधी. ती रडली तरी बायकोला हाक मारतात, 'सातेनिग, हिला दे माझ्याकडे.' बसून घेतात, बसून देतात. मी म्हटलं, अहो, फिरवा की अंगणात. तर म्हणाले, मला घड्याळाचं काम आहे."

घड्याळ. तेव्हा माझ्या डोक्यात टिकटिक झाली.

तोरोस, तू तांब्याचा माणूस. तुझा बाप तांबट, तुझे आजोबा तांबट. अलेप्पोला जाऊन तू घड्याळं दुरुस्त करायला लागलास, तेव्हा मला वाटलं, पांढरी कॉलर, बारीक काम, मित्राने प्रगती केली. मला आनंद झाला होता. आता कळतंय, घड्याळ टेबलावर असतं. ते उचलावं लागत नाही.

लग्नाआधीच्या हिवाळ्यात तू मोठी कढई घेऊन जिन्यावरून पडला होतास. आठवडाभर दुकान बंद होतं. विचारलं तेव्हा म्हणालास, "काही नाही, उजव्या खांद्याला मार बसलाय." तो खांदा कधी बरा झालाच नाही ना?

हे कोणाला बोललो नाही. झाबेललाही नाही.

सोबत एक पुडकं पाठवतोय. कारनिग देईल. मेंढीच्या मऊ कातड्याचा पट्टा आहे, आतून मखमल. मी स्वतः शिवलाय, कारागिराला दिला नाही. डाव्या खांद्यावरून घ्यायचा, कोटाच्या आत, आणि उजव्या हाताखाली एक झोळी येते. बाहेरून काही दिसणार नाही. पोराच्या वजनाचं पीठ भरून दोन दिवस कारखान्यात मी ते घालून फिरलो. तुटणार नाही. कारागीर विचारत होते, "उस्ताद, पोट का वाढलं?"

आता लिही.

मिसाक


१८ जुलै १९६५

तोरोस,

तुझं पत्र आलं. आधी मारोच्या दाताबद्दल अभिनंदन. आणि आता बस, कारण आमच्याही दाताची बातमी आहे, आणि त्याला जोडून दुसरं बरंच काही.

तू लिहिलंयस की थोरला म्हणून क्रॉस तुलाच धरायचा होता. हात दुखतो म्हटलं असतं तर धाकट्या भावाला उभं केलं असतं, आणि वडील म्हणायचे, कावोरचा हात थरथरत नाही. म्हणून गप्प राहिलास. आणि सासूबाई बोलल्या तेव्हा तुला त्यांचा राग आलाच नाही, कारण तुलाही तेच वाटलं होतं. इतकी वर्षं तेच वाटत होतं. झाबेलच्या कुशीची बातमी येत नाही हे ऐकलं की तू स्वतःच्या हाताकडे बघत बसायचास. आणि आता: 'मिसाक, क्रॉस फुलांवर पडला. मूल दगडावर पडेल. मला बोलावू नकोस.'

हे मी स्वयंपाकघरात झाबेलला वाचून दाखवलं. मोठ्याने. झाबेल म्हणाली, "ओरडतोस काय, मी बहिरी आहे का?" पण पडद्यामागे सासूबाई वांगी कोरत बसल्या होत्या, आणि कोरण्याचा आवाज थांबला होता. बूट विकणाऱ्याला कळतं, दुकानात बोलायचं एकाशी आणि ऐकवायचं दुसऱ्याला.

त्या दिवशी जेवताना बेद्रोसचं नावही निघालं नाही.

मग रविवारी हादिग केलं. दात दिसला की गहू उकडायचे, हे तू केलंच असशील. साखर, अक्रोड, डाळिंबाचे दाणे, गल्लीतल्या बायका, त्यांच्या मागे त्यांच्या सुना. पोराला गालिच्यावर बसवलं, डोक्यावर ओढणी धरली, वरून गहू ओतला. एक दाणा कानात गेला, त्यावरून रडारड. मग समोर वस्तू मांडल्या. मी हातोडा जरा जवळ सरकवला, हे खरं आहे. झाबेलने पुस्तक सरकवलं, तेही खरं आहे. साहेबांनी दोन्ही बाजूला सारलं आणि कंगवा उचलला! बायका ओरडल्या, "न्हावी! न्हावी होणार!" तोरोस, एवढा कारखाना मी एका ऐरणीवर उभा केला, आणि वारस न्हावी! मग त्याने कंगवा तोंडात घालून नव्या दाताने चावला, तेव्हा देर घेवोन म्हणाले, "घाबरू नकोस, दाताचा डॉक्टर होईल."

सगळे गेले. झाबेल त्याला झोपवायला आत गेली. मी आणि सासूबाई गालिच्यावर बसून गव्हाचे दाणे वेचत होतो. गव्हावर पाय पडू द्यायचा नाही, हे त्यांचं पक्कं. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याने सांगितलं का नाही, हात दुखतो म्हणून?"

"तुम्ही विचारलं होतंत?"

त्यांनी मूठभर दाणे ताटात टाकले. मग त्या बोलायला लागल्या, आणि तुर्कीत बोलल्या. रडायचं असलं की त्यांना आर्मेनियन सुचत नाही, पण रडल्या नाहीत.

"मराशहून तुर्कांनी आम्हाला काढलं तेव्हा मी एवढीशी होते. आईच्या पाठीवर बोचकं, माझ्या हातावर धाकटा भाऊ. आरदाश. नुकता चालायला लागलेला, पण रस्त्यावर किती चालणार? उजव्या हातावर घेतलं होतं त्याला. हात बधिर झाला. मग दुखायचा थांबला, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता दुखत नाही. कधी सुटला मला कळलंच नाही. वळले तर मागची माणसं पुढे ढकलत होती. मी पोचले. तो पोचला नाही."

मी दाणे वेचत राहिलो.

"हात सुटतो तेव्हा माणसाला विचारून सुटत नाही," त्या म्हणाल्या. "हे मला माहीत होतं. मला माहीत असून मी त्याला तसं बोलले. कोणाचाही हात खाली आलेला मला बघवत नाही, मिसाक. मी ओरडते."

मग ताट उचलून उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बेद्रोसला निरोप दे. द्राक्षं खायला ये म्हणावं. पण हात मोकळे ठेवून."

झाबेलला आपल्याला असा एक मामा होता हे आजवर माहीत नव्हतं. अजूनही नाही. तुला लिहितोय, कारण तुझ्यापासून लपवून हे पत्र पुरं होत नाही. तू कोणाला बोलू नकोस.

ये आता.

मिसाक


५ ऑगस्ट १९६५

तोरोस,

तार मिळाली. 'येतो.' एक शब्द. ह्या वेळी मी तक्रार करणार नाही.

शनिवारी कारनिग तुम्हा तिघांना दारातून उचलेल. मारोसाठी पुढची सीट ठेवायला सांगितलंय, खिडकीची, पण काच वर. सीमेवर वेळ लागतो, सातेनिगला म्हणावं सोबत खायला घे. कारनिगच्या ओळखीच्या हॉटेलात काही खाऊ नका, तिथला मालक त्याचा मेहुणा आहे.

आमचा पठ्ठ्या आता रांगतो, म्हणजे पोटावर पोहतो. कारखान्यातल्या चामड्याच्या ढिगावर सोडला तर खूश असतो. सिंहाला चामड्याचा वास आवडणारच, असं सासूबाई म्हणतात. झाबेल बाप्तिस्म्याचे पांढरे कपडे शिवतेय. दोनदा उसवून मोठे केले.

पट्टा आण. आणि नाही आणलास तरी घाबरू नकोस. मी तुझ्या मागे उभा राहीन. पोराचा बाप मध्ये पुढे आला तर पाद्रीबाबा ओरडतात, पण मागे उभं राहायला कोणाची मनाई नाही. तेल लावताना सगळ्यात वेळ लागतो: कपाळ, डोळे, कान, तळहात, छाती, पाठ, पाय. तेवढ्यात तुझा हात भरून आला तर मान वळवू नकोस, समोर बघ. मी कोपराखाली हात देईन. कोणाला कळणार नाही.

नाव काय ठरवलंस? नको, सांगू नकोस. माझ्या बापाचं असेल असं सगळी गल्ली धरून चालली आहे.

मिसाक


२२ ऑगस्ट १९६५

तोरोस,

आठवडा झाला तुम्हाला जाऊन. घर ओकंओकं वाटतंय. मारो आणि आमचा, दोघं एकाच दुपट्ट्यावर ठेवले होते तेव्हा तिने त्याच्या हातातलं बिस्किट घेऊन खाल्लं आणि तो बघत राहिला, ते झाबेल येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. "सून गेली हातातली," म्हणते, "आता बहीण म्हणायचं. पण बिस्किट खाणार तीच." पट्टा तू अंगावर घेतला नाहीस; त्याने तुम्ही मारोला जेवताना खुर्चीला बांधता हे ऐकून मला आधी वाईट वाटलं होतं. माझं इतकं सुबक काम! पण सातेनिग म्हणाल्या, "आमच्या घरात ह्याहून कामाची वस्तू नाही," तेव्हा समजलो, मान मिळाला.

आता मुद्द्याचं. चर्चच्या दारात तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "मिसाक, तुझा हात कोपराखाली नसता तर मी उभा राहिलो नसतो." फुकटचा मोठेपणा मिळत असेल तर व्यापारी माणूस लगेच परत करत नाही. पण हा मी परत करतोय.

तोरोस, तो हात माझा नव्हता.

मी तुझ्या मागेच होतो. पाद्रीबाबांनी तीनदा विचारलं, "हे बाळ काय मागतं?" आणि तू तीनदा म्हणालास, "श्रद्धा, आशा, प्रेम आणि बाप्तिस्मा." पहिल्यांदा हळू, तिसऱ्यांदा मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं. तिथवर मी होतो. मग त्यांनी नाव विचारलं आणि तू म्हणालास, "आरदाश."

तुझी पाठ होती, म्हणून तुला काय दिसलं नाही ते सांगतो. बायकांच्या बाजूला एक मेणबत्ती कलली आणि मेण फरशीवर सांडलं. सासूबाईंची. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. झाबेल माझ्याकडे बघत होती, आरदाश कोण? कोणाचं नाव? घरी गेल्यावर त्यांनी स्वतः तिला सगळं सांगितलं, पण ते नंतर.

तेवढ्यात पाद्रीबाबांनी कुंडात कोपर बुडवून बघितला आणि हात झटकला. सॅक्रिस्टनने, चर्चच्या त्या सेवेकऱ्याने, पाणी असं तापवलं होतं, कोंबडीची पिसं काढायची असावीत. माझ्याकडे वळून दातओठ खात म्हणाले, "मिसाक! गार पाणी! पळ!" पळालो. अंगणात सगळ्या गल्लीने द्राक्षांच्या पेट्या आणून रचलेल्या, नळ त्यांच्यामागे. पेट्या हलवतोय तर एक म्हातारी ओरडते, "माझी द्राक्षं! अजून आशीर्वाद झाला नाही!" बादली भरून आणली, सॅक्रिस्टनच्या हातात दिली, आणि बघतो तर गर्दी पुढे सरकलेली. तुझ्या मागे जायला वाट नाही. रिकामी बादली घेऊन मी पलीकडच्या खांबाजवळ उभा, आणि तू कुंडापाशी, ओल्या पोराला घेऊन. तेल लावायला सुरुवात झाली. कपाळ, डोळे, कान. मला तुझा कोपर दिसत होता. खाली यायला लागला होता. मी इथून काय करणार? बादली वाजवणार?

तेव्हा बायकांच्या बाजूने सासूबाई निघाल्या. मेणबत्ती शेजारणीच्या हातात दिली आणि सरळ चालत पुढे आल्या, भर प्रार्थनेत. म्हातारी, काळे कपडे, डोक्यावर रुमाल. बाजूच्या माणसांनी वाट दिली, कारण त्यांना वाट न देणं सोपं नाही. मागे बायका कुजबुजल्या. त्याच बायका, तोरोस, त्याच. मी त्यांचे आवाज ओळखतो. सासूबाई तुझ्या मागे उभ्या राहिल्या आणि आपला उजवा हात तुझ्या कोपराखाली घातला. तळहात, पाठ, पाय. शेवटचं बोट होईतो तो तिथे होता. देर घेवोननी बघितलं. आणि प्रार्थनेचा वेग वाढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू पोराला घेऊन वेदीकडे वळायच्या आत त्या आपल्या जागेवर परत गेल्या होत्या.

घरी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला सांगायचं नाही. पुरुषमाणसाला वाटू दे, मित्राचा हात होता." शपथ घातली, पोराच्या डोक्यावर माझा हात ठेवून. ती मी आज मोडतोय. हिशेब कोणाच्या नावावर पडतो ह्याबद्दल मी आयुष्यभर काटेकोर राहिलोय, आणि हा माझ्या नावावर ठेवून मला झोप येणार नाही. पुढे देव आणि मी बघून घेऊ.

आरदाश बरा आहे. खालचा दुसरा दात आला. नावाने हाक मारली की वळून बघतो. त्या नावाने त्याला सगळ्यात जास्त हाका कोण मारतं, ते वेगळं लिहायला नको. दिवसभर घरात "आरदाश, आरदाश" चालू असतं. कधी कधी तो समोर नसला तरी मारतात.

आणि रोज संध्याकाळी गॅलरीत बसून त्या स्वतःच्या उजव्या कोपराला तेल चोळतात. काल मी विचारलं, "काय झालं सासूबाई, हात दुखतोय?"

"जड होता रे," म्हणाल्या. "पण पोचला."

मिसाक